मूळ प्रत कोणाकडे?

परंडा तालुक्यात सीना नदीच्या काठी डोमगाव आहे. समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ इथला. समर्थ सांगत गेले आणि कल्याणांनी दासबोध लिहून घेतला, अशी परंपरा आहे. 20 दशक, 200 समास, 7751 ओव्या. छापखाना नव्हता, त्यामुळे ग्रंथ पसरायचा तो हाताने केलेल्या नकलांमधून. एका मठातली पोथी समोर ठेवून दुसरी लिहायची, ती तिसऱ्या गावाला न्यायची, तिच्यावरून चौथी. नकलकार कुठे दमायचा, कुठे त्याची ओळ सुटायची, कुठे त्याला वाटायचे की आधीच्याचेच चुकले आहे, म्हणून तो शब्द ‘सुधारून’ घ्यायचा. शंभर वर्षांनी दोन पोथ्या शेजारी ठेवल्या की एकाच ओवीत दोन वेगळे शब्द दिसणार. बदल कोणी केला, कधी केला आणि का केला, हे दोन्ही पोथ्यांत कुठेच लिहिलेले नसते.

आता आजचे उदाहरण घेऊ. समजा तिघांनी मिळून दूध संकलन केंद्रांसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला आहे. एक जण परंड्यात, एक जण बार्शीत, तिसरी पुण्यात नोकरी सांभाळून शनिवार-रविवार वेळ देणारी. दूध मोजायचे, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ) नोंदवायचे, दरपत्रकावरून भाव काढायचा, दहा दिवसांचा हिशेब छापायचा, एवढेच काम. फाइली एकमेकांना व्हॉट्सअॅपवरून जातात. सोमवारी बरोबर येणारा भाव गुरुवारी चुकीचा येऊ लागतो. तिघांकडे ‘दरपत्रक’ नावाची फाइल आहे आणि तिन्ही फाइली थोड्या थोड्या वेगळ्या आहेत. तारीख पाहावी तर ती फाइल उतरवून घेतल्याची दिसते, बदल केल्याची नाही. म्हणजे नकलकारांच्या पोथ्यांपुढे अभ्यासक जिथे अडतो, तिथेच हे तिघेही अडले.

या अडचणीवर जे साधन आज जगभर वापरले जाते, त्याचे नाव गिट. ते ज्या जातीचे साधन आहे तिला विकेंद्रित आवृत्ती-नियंत्रण म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ साधा: प्रत्येकाकडे पूर्ण ग्रंथ आणि त्यात झालेल्या प्रत्येक बदलाची पूर्ण नोंदवही.

आधी कुलूप, मग एकच कपाट

प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळायची साधने 1972 पासून आहेत. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये एससीसीएस नावाचे पहिले साधन तयार झाले. 1982 मध्ये आरसीएस आले. त्यांची रीत अशी की एकाने फाइल दुरुस्तीला घेतली की तिला कुलूप. बाकीचे थांबणार. घेणारा जेवायला गेला किंवा कुलूप तसेच ठेवून सुट्टीवर गेला, तरीही थांबणार.

पुढे सीव्हीएस आणि 2000 मध्ये सुरू झालेले सबव्हर्जन यांनी कुलूप सैल केले. आता एकाच वेळी दोघे काम करू शकत होते, पण इतिहासाची वही मात्र एकाच सर्व्हरवर. काम नोंदवायचे तर त्या सर्व्हरशी जोडलेले असायला हवे. वीज गेली, नेट गेले, की नोंद बंद. तालुक्याच्या गावात बसून काम करणाऱ्याला ही अडचण समजावून सांगायला नको.

2005 मध्ये लिनक्स बनवणाऱ्यांवर वेगळीच वेळ आली. हजारो माणसांनी मिळून लिहिलेली ही संगणकप्रणाली सांभाळण्यासाठी ते बिटकीपर नावाचे एका कंपनीचे साधन फुकट वापरत होते. वाद झाला आणि कंपनीने फुकट वापर बंद केला. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच एक साधन लिहायला घेतले. काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला, आणि जूनमध्ये लिनक्सची 2.6.12 ही आवृत्ती त्याच्या आधाराने बाहेर पडली. जुलैपासून गिटची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आली. त्याच एप्रिलमध्ये मर्क्युरियल नावाचे याच जातीचे दुसरे साधनही जाहीर झाले होते. ते शिकायला सोपे, असे म्हणणारे लोक आजही भेटतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण चलती गिटची झाली.

कमिट म्हणजे काय

गिटमधली नोंद म्हणजे कमिट. तुम्ही काही बदल केलेत, ते तपासून पाहिलेत आणि ‘हे आता नोंदव’ म्हणालात की गिट त्या क्षणी सगळ्या फाइली जशा आहेत तशा जपून ठेवते. जी फाइल बदललीच नाही ती पुन्हा साठवत नाही, आधीच्या साठ्याकडे बोट दाखवते. त्यासोबत चार गोष्टी लिहिते: कोणी केले, कधी केले, का केले (हे तुम्ही एका ओळीत लिहायचे असते) आणि हे कमिट कोणत्या कमिटवरून पुढे आले.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नवशिक्यांचे नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष होते. प्रत्येक कमिटला आपला पूर्वज ठाऊक असतो. त्या पूर्वजाला त्याचा. असे मागे मागे जात पहिल्या कमिटपर्यंत पोचता येते. पोथीच्या नकलकाराने शेवटी ‘ही प्रत अमुक मठातल्या अमुक पोथीवरून उतरवली’ असे न चुकता लिहून ठेवले असते, तर अभ्यासकांचे निम्मे कष्ट वाचले असते. गिटमध्ये ही ओळ विसरताच येत नाही.

शिवाय प्रत्येक कमिटला एक खूण मिळते. 0 ते 9 आकडे आणि पहिली सहा रोमन अक्षरे यांतून बनलेली, 40 चिन्हांची. ही खूण कोणी ठरवत नाही. कमिटमधल्या मजकुरावर, नावावर, वेळेवर आणि पूर्वजाच्या खुणेवर गणित करून ती निघते. यांतले एक अक्षर बदलले तरी खूण पार बदलते. ती बदलली की पुढच्या सगळ्यांच्या खुणा बदलतात, कारण प्रत्येकाच्या पोटात आधीच्याची खूण असते. त्यामुळे मागच्या नोंदीत कोणी गुपचूप खाडाखोड केली, तर इतरांच्या प्रतींशी ताडून पाहताच ती उघडी पडते. रोजच्या बोलण्यात पहिली सात चिन्हे पुरतात.

हे सगळे तुमच्याच संगणकावर घडते. कमिट करायला नेट लागत नाही. परंड्यातल्याने दुपारभर नेट नसताना पाच कमिटे केली आणि संध्याकाळी नेट आल्यावर ती एकदम पाठवली, तरी पाचही नोंदी आपापल्या वेळेसह, आपापल्या क्रमाने पोचतात. या पाठवण्याला पुश म्हणतात, इतरांचे काम आपल्याकडे ओढून घेण्याला पुल. आणि सुरुवातीला इतिहासासह पूर्ण नक्कल उतरवून घेतली जाते तिला क्लोन.

दोन प्रतींचा मेळ

खरी करामत इथून पुढे आहे.

दरपत्रकाच्या फाइलीत एका ओळीवर लिहिले आहे की फॅट एका पॉइंटने कमी भरले तर लिटरमागे 30 पैसे कापायचे. आठवड्याने परंड्याच्या प्रतीत 30 आहे आणि बार्शीच्या प्रतीत 50. बरोबर काय? फक्त या दोन प्रती समोर असतील तर सांगताच येणार नाही. कदाचित बार्शीच्या मुलाने 30 चे 50 केले. कदाचित मुळात 50 च होते आणि परंड्याच्या मुलाने ते 30 वर आणले. दोन्ही शक्यता सारख्याच.

आता तिसरी प्रत हाताशी आहे असे धरा: दोघे वेगळे होण्याआधीची, दोघांची सामाईक पूर्वज. तिच्यात 30 आहे. लगेच उलगडा होतो. परंड्याने या ओळीला हात लावलेला नाही, बार्शीने लावला. म्हणून मेळ घालताना 50 घ्यायचे. याला तीन बाजूंचा मर्ज म्हणतात. गिटला पूर्वज शोधावा लागत नाही, कारण प्रत्येक कमिटने तो लिहूनच ठेवलेला असतो. दोन टोकांपासून मागे चालत जायचे आणि वाटा जिथे मिळतात ते कमिट उचलायचे.

पूर्वज हाताशी नसेल तर किती घाम गाळावा लागतो, याचे उदाहरण पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 मध्ये हाती घेतली आणि ती 1966 मध्ये पूर्ण झाली. देशभरातल्या 1259 हस्तलिखितांचा त्यासाठी उपयोग झाला. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत कागदावर वर एक श्लोक लिहीत, अक्षराअक्षराला चौकोन आखीत आणि खाली एकेका पोथीतला फरक त्या त्या चौकोनात भरीत. सगळ्या पोथ्यांची मूळ प्रत कोणीच पाहिलेली नव्हती. कोणत्या पोथ्या एकमेकींच्या जवळच्या, कोणत्या लांबच्या, हे त्या फरकांवरून ताडायचे आणि मग मूळ पाठ काय असावा याचे अनुमान बांधायचे. दोन पिढ्यांचे हे काम होते. त्या पंडितांना जे अनुमानाने बांधावे लागले, ते गिट लिहिण्याच्या क्षणीच जपून ठेवते. गिटचे सगळे बळ त्यात आहे. बाकीच्या सोयी त्यातून निघालेल्या आहेत.

आता अवघड प्रसंग. पूर्वजात 30, परंड्याने केले 40, बार्शीने केले 50. एकाच ओळीला दोघांचा हात लागला. इथे गिट स्वतः निवाडा करत नाही. ती थांबते, त्या फाइलीत दोन्ही पाठ खुणांच्या ओळींमध्ये एकाखाली एक मांडून ठेवते आणि सांगते: कॉन्फ्लिक्ट. त्या खुणा बघून पहिल्यांदा माणूस घाबरतो, फाइल फुटली असे त्याला वाटते. काहीच फुटलेले नसते. फाइल उघडायची, दोन पाठ वाचायचे, समोरच्याला फोन करून विचारायचे, ठरेल तो आकडा ठेवायचा, खुणांच्या ओळी पुसायच्या आणि कमिट करायचे. या कमिटला दोन पूर्वज असतात, आणि निवाडा कोणी केला हेही त्यात नोंदले जाते.

गिट ओळीओळीने तुलना करते, म्हणून प्रोग्रॅमखेरीज लेख, नियमावली किंवा पुस्तक गिटमध्ये ठेवायचे असेल तर प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहावे. अख्खा परिच्छेद एकाच ओळीत असेल तर दोघांनी त्यातले दोन वेगळे शब्द बदलले तरी कॉन्फ्लिक्ट येतो. ओवीबद्ध ग्रंथाला ही अडचण नाही.

मुख्य प्रत ठरवायची असते

प्रत्येकाकडे पूर्ण प्रत आहे तर खरी कोणती? तांत्रिक उत्तर: सगळ्याच. गिटच्या दृष्टीने परंड्याचा लॅपटॉप आणि अशा प्रती नेटवर ठेवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाचा सर्व्हर यांच्यात फरक नाही. ज्या ठिकाणाहून क्लोन केले त्याला गिट ओरिजिन असे नाव देते, पण त्या नावाला कुठला विशेष अधिकार नसतो. व्यवहारात मात्र गटाने एक ठिकाण मुख्य मानावे लागते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी दासबोध छापताना कल्याणांच्या हातची म्हणून डोमगावची प्रत प्रमाण धरली. तिला ते स्थान अभ्यासकांच्या संमतीने मिळाले. तिघांच्या गटातही तसेच: गिटहब, त्याच्यासारखेच गिटलॅब, नाहीतर कार्यालयातला एखादा जुना संगणक, काहीही चालेल, पण एकच ठरवा.

सगळ्यांकडे पूर्ण प्रत असण्याचा फायदा कळायला इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचे उदाहरण पुरेसे आहे. त्यांनी बीडला मिळालेल्या एका जुन्या पोथीवरून 1909 मध्ये ज्ञानेश्वरी छापली. पुढे ती पोथीच नाहीशी झाली, आणि तिच्या अस्सलपणाबद्दलचे वाद मूळ कागद न पाहताच चालत राहिले. एकच प्रत, तीही एकाच माणसाकडे, याचा हा परिणाम.

पण एक बारकावा आहे. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅबच्या कर्मचाऱ्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला आणि सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. लोकांचा कोड वाचला. गेल्या त्या तक्रारींच्या नोंदी आणि त्यांवरची चर्चा, कारण त्या संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये असतात, तुमच्या क्लोनमध्ये येत नाहीत. म्हणून ‘हा दर असाच का ठेवला’ यासारखे निर्णय चर्चेत लटकत ठेवू नयेत. ते कमिटच्या संदेशात किंवा प्रकल्पाच्या फाइलीतच लिहावेत.

नेट अगदीच नसेल तर पेनड्राइव्हही मुख्य प्रतीचे काम करतो. गिटमध्ये बंडल नावाची सोय आहे: इतिहासासह सगळे एका फाइलीत बांधायचे, एसटीने बार्शीला जाणाऱ्याच्या हाती द्यायचे, तिथे ते उघडून पुल करायचे.

┌──────────
चौकट : तिघांच्या गटाने पहिल्या आठवड्यात

प्रत्येकाने गिटला आपले खरे नाव आणि ईमेल सांगून ठेवावे. नाहीतर इतिहासात ‘यूजर’, ‘अॅडमिन’ अशीच नावे दिसतील.

काम सुरू करण्याआधी पुल, उठण्याआधी पुश.

एका कमिटमध्ये एकच गोष्ट. संदेशात ‘बदल केले’ लिहू नये. ‘गाईच्या दुधाची फॅट कपात नव्या दरपत्रकाप्रमाणे’ असे लिहावे.

मोठे काम वेगळ्या फांदीवर, म्हणजे ब्रँचवर करावे, आणि ती दोन-चार दिवसांत मुख्य फांदीत मिळवावी.

पासवर्ड, ग्राहकांची यादी आणि बँक खात्यांचे तपशील रेपोत, म्हणजे गिट सांभाळत असलेल्या प्रकल्पाच्या साठ्यात, कधीच ठेवू नयेत.
└──────────

फांद्या आणि पुसता न येणारे डाग

ब्रँचबद्दल थोडे. नावामुळे वाटते की सगळ्या फाइलींची आणखी एक नक्कल तयार होत असेल. तसे नाही. ब्रँच म्हणजे एका कमिटची खूण लिहिलेली इवलीशी नोंद. म्हणून ती करायला क्षणही लागत नाही आणि जागाही नाही. छापील बिलाचा नमुना बदलून पाहायचा आहे? ब्रँच करा, पाहा, नाही आवडला तर सोडून द्या. मात्र ब्रँच महिनाभर वेगळी ठेवली की सामाईक पूर्वज लांब पडतो, आणि मर्जच्या दिवशी कॉन्फ्लिक्टांची रांग लागते. छोट्या गटात लांबलचक ब्रँचा ठेवणे मला तरी हौसेचे दुखणे वाटते.

चौकटीतला पासवर्डाचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. फाइलीतून पासवर्ड काढून नवे कमिट केले तरी जुन्या कमिटमध्ये तो आहेच, आणि क्लोन केलेल्या प्रत्येकाकडे तो पोचला आहे. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे पासवर्डच बदलणे. इतिहास नव्याने लिहिता येतो, पण मग सगळ्या खुणा बदलतात आणि इतरांच्या प्रती जुळेनाशा होतात. म्हणून जे एकदा पुश केले त्याचा इतिहास सगळ्यांना सांगितल्याशिवाय बदलायचा नाही, हा नियम तिघांनीही पाळावा.

मराठीत काम करताना

फाइलीचे नाव ‘दरपत्रक’ असे देवनागरीत ठेवले तर गिटच्या यादीत ते 340, 244, 246 अशा आकड्यांच्या माळेसारखे दिसते. ते ‘द’ हे अक्षर संगणकात ज्या तीन भागांत साठते त्यांचे आकडे आहेत. ‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की नाव नीट दिसते.

दुसरी गोष्ट अधिक फसवी. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्याला न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. परंड्यातल्याचा कीबोर्ड एक रीत वापरतो आणि पुण्यातलीचा दुसरी, तर नजरेला काहीच फरक नसलेली ओळ गिट बदललेली म्हणून दाखवते. गिट बरोबरच असते. ती अक्षराचे रूप पाहत नाही, साठवलेले आकडे पाहते. तिघांनी एकच कीबोर्ड ठरवला की प्रश्न मिटतो. जुन्या श्रीलिपीतला किंवा कृतिदेवमधला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये आणा, कारण तो गिटमध्ये रोमन अक्षरांचा गुंता होऊन दिसतो आणि कोणता शब्द बदलला हे कोणालाच वाचता येत नाही.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. पानाच्या चारही बाजूंनी जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर जाणार नाही, इतका बारीक विचार त्यात आहे. समर्थांनी प्रत टिकण्याची काळजी लिहिण्याआधी घेतली. वर्षभर काम झाल्यावर ‘आता गिट शिकू’ म्हणणाऱ्या गटांनी हा समास जरूर वाचावा.

जिथे गिटला दिसत नाही

मर्ज बिनबोभाट झाला म्हणजे सगळे बरोबर आहे, असे मानू नका. परंड्यातल्याने भाव काढणाऱ्या भागात बदल केला: आतापर्यंत उत्तर रुपयांत यायचे, ते आता पैशांत येईल, म्हणजे दशांशाचा घोळ नको. त्याच दिवशी बार्शीतल्याने दुसऱ्या फाइलीत बोनसचा हिशेब नव्याने लिहिला आणि त्यात तेच उत्तर रुपये समजून वापरले. दोन वेगळ्या फाइली, दोन वेगळ्या ओळी. कॉन्फ्लिक्ट नाही, तक्रार नाही, मर्ज पूर्ण. ओळी जुळल्या, अर्थ जुळला नाही.

याला उपाय दोन. महत्त्वाच्या प्रत्येक हिशेबासाठी एक छोटी चाचणी लिहून ती रेपोतच ठेवायची: 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ, 10 लिटर, इतका बोनस, तर इतकेच रुपये यायला हवेत. मर्ज झाला की ती चालवायची. आणि एकाच्या फाइलीवर दुसऱ्याने मर्जआधी नजर टाकायची, मग काम दोन ओळींचे का असेना. नाहीतर ही चूक पहिल्यांदा दिसते ती दहा दिवसांनी, दुधाचा पगार घ्यायला आलेल्या माणसाला.